नवाबाचं अत्तर

माझं लग्न एका कुत्र्याच्या शेपटीखाली अडकलं होतं. हे वाक्य मी एकदा भाच्याच्या लग्नात चारचौघांसमोर बोलून गेलो, आणि तेव्हापासून आमच्या घराण्यात मला कुणी भाषणाला उभं करत नाही. पण गोष्ट खरी आहे, आणि आता ती लिहून ठेवायला हरकत नाही. त्यातला कुत्रा गेला, अप्पाही गेले, आणि बायकोला चष्म्याशिवाय वाचता येत नाही. (चष्मा कुठं आहे ते मी सांगत नाही.)

तेव्हा आमचं उमरगा मोगलाईत होतं, म्हणजे निजामाच्या राज्यात. पेठेत आमचं अत्तर, उदबत्ती, धूप आणि अष्टगंधाचं दुकान. कचेरीत उर्दू, बाजारात मराठी आणि घरात कानडी, अशा तीन भाषांत आम्ही एकच माल विकत असू. दुकान चाले ते अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या नाकावर. डोळे मिटून, कुणाच्याही बाहीचा वास घेऊन ते हिना की खस की केवडा, ते सांगत. लोक तुपातली भेसळ काढायला अप्पांकडं येत. कुणी अत्तर लावून पेठेतून गेला की अप्पा गादीवरूनच हाक मारत, "कुटनं घेतलंस रे? फसलास."

अडचण एवढीच होती की अप्पांना तपकिरीचं व्यसन होतं. उभा जन्म चिमटीचिमटीनं कोंबलेल्या तपकिरीनं ते नाक आतून पार बुजून गेलं होतं. अलीकडं अप्पा सगळं अंदाजानं सांगत, आणि अप्पा चुकतील असं कुणाच्या मनातही येत नसल्यामुळं गिऱ्हाईक मान डोलावून जाई. हे घरात मला आणि अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, पक्कं ठाऊक होतं. पण ज्या नाकावर घर चालतं ते नाक गेलंय, हे त्या नाकाच्या धन्याला सांगायचं कुणी?

अशा घरात नवाब आला. तहसीलदारसाहेबांची बदली झाली आणि बेगमसाहिबांनी जाताना आपलं कुत्रं आमच्या पदरात टाकलं. ते घर म्हणजे आमचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक, तेव्हा नको म्हणायची सोय नव्हती. कुत्रं मांजराएवढं, पांढरंशुभ्र, आणि डोळ्यांवर इतके केस की ते खायला लागेपर्यंत तोंड कुठल्या बाजूला आहे ते कळत नसे. बेगमसाहिबांनी नाव ठेवलं होतं नवाब. आता मोगलाईत राहून भर पेठेत "ए नवाबड्या, हाड!" असं ओरडायची कुणाची छाती? त्यामुळं आमच्याकडं त्याला नवाबसाहेब म्हणत. मला घरात "ए बैला" अशी हाक असे आणि कुत्र्याला अहो-जाहो. त्याला उर्दूशिवाय काही कळतही नसे. अव्वा बिचारी चुलीपुढून म्हणायची, "नवाबसाहेब, तशरीफ रखो," आणि ते लगेच बसायचे. तेव्हापासून आमच्या घरात कुत्र्याच्या बुडाला तशरीफ म्हणायची पद्धत पडली. बूड म्हणणं बरं दिसलं नसतं.

खाणंही नवाबी. तूप घातलेला मऊ दूधभात, वर साय. भाकरीचा तुकडा टाकला तर ते त्याच्याकडं असं बघायचे की आपणच ओशाळून तो उचलावा.

एके दिवशी सकाळी अव्वानं अंगण सारवलं आणि नवाबसाहेब त्यावर बसले. मग त्यांनी मागचे दोन्ही पाय वर उचलले आणि पुढच्या पायांनी स्वतःला ओढत, तशरीफ जमिनीला घासत, अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. परत आले. परत गेले.

"बग की," अव्वा कौतुकानं म्हणाली, "नवाबसाहेब सारवून द्यायलेत. तुज्यापरीस कामाचं हाय."

शेजारच्या चन्नव्वाकाकूंना ते सारवण वाटलं नाही. त्या म्हणाल्या, "जंत झाल्यात त्याला. काडेचिराईत पाजा." ते पाजायला गेलो तर मी, अव्वा आणि भिंत असे सगळे कडू झालो, नवाबसाहेब सोडून. मग ते गोल गोल फिरून स्वतःच्या शेपटीखाली चावायला लागले. आणि मग वास सुरू झाला.

तो वास कसला हे आमच्या घरात कुणालाच सांगता येईना. मध्येच यायचा, भपकन यायचा, आणि माणूस बोलता बोलता थांबायचा. आम्ही लिंगायत. सात पिढ्यांत आमच्या घरात कुणी अंडं फोडलेलं नाही. मासा तर आम्ही चित्रातसुद्धा बघितला नव्हता. उमरग्यात माणसांना प्यायला पाणी पुरत नसे, तिथं मासे पोहणार कशात? अव्वाला वाटलं कुठंतरी उंदीर मरून पडलाय. मी माळवद, कणग्या, फळ्या सगळं हुडकलं. उंदीर सापडला, पण तो जिवंत होता आणि तोही वासाला कंटाळलेला दिसला.

उलगडा माझ्या हातात झाला, अगदी शब्दशः. घासत निघालेल्या नवाबसाहेबांना मी मागून उचललं, माझी बोटं तशरिफीखाली दाबली गेली आणि तळहातावर तपकिरी, दाट असे दोन थेंब आले. मी आडाकडं धूम ठोकली, पण वाटेत अप्पांनी मनगट धरलं.

"थांब. कसला वास हाय ह्यो?"

गेल्या कित्येक वर्षांत अप्पांच्या नाकाला खरोखर लागलेला हा पहिला वास होता. ते हरखून गेले. डोळे मिटून त्यांनी माझा तळहात नाकाशी नेला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "जवादी."

"काय?"

"जवादी रे. कनोजचा अत्तरवाला मला समदं सांगून गेलाय. जवादी मांजर असतंय. त्याच्या शेपटीखाली दोन पिशव्या असत्यात. त्यातनं असाच माल निघतो. देवळात वापरत्यात, राजेलोक वापरत्यात."

"अप्पा, पन हे कुत्रं हाय."

"हैदराबादचं हाय."

"घाण येतीय की लई."

"कच्च्याला घाणच येती. चंदनाच्या तेलात मुरली की बग. तुला काय कळतंय वासातलं?"

अव्वा दारातून म्हणाली, "मला तर कायतरी मेल्यागत वाटतंय." पण तिला वासातलं काही कळत नाही हे लग्न झाल्यापासून ठरलेलं होतं.

अप्पांचं एक मात्र खरं होतं. जवादी मांजराच्या शेपटीखाली पिशव्या असतात, आणि नवाबाच्या शेपटीखालीही दोन होत्या, हरभऱ्याएवढ्या, टच्च भरलेल्या. पुढं फार वर्षांनी एका गुरांच्या डॉक्टरनं मला सांगितलं, की त्या सगळ्याच कुत्र्यांना असतात. घट्ट शौचाला झालं की त्या आपोआप रिकाम्या होतात. लहान जातीच्या कुत्र्यांना मऊ मऊ खायला घातलं की तुंबतात, मग ती बिचारी घासत फिरतात. पण तेव्हा उमरग्यात हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि असतं तरी अप्पांनी ऐकलं नसतं. डॉक्टरऐवजी नवाबसाहेबांच्या नशिबी आला तो अत्तराचा कारखाना.

कारखान्यातला मजूर मी. अव्वानं साखर चाटवत तोंडाकडची बाजू धरायची, मी शेपूट वर करून कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्यानं शेकायचं आणि दोन बोटांनी खालून वर हलकेच दाबायचं, अप्पांनी बाटली घेऊन समोर उभं राहायचं. पहिल्या खेपेला माल बाटलीत न जाता अप्पांच्या धोतरावर गेला. अप्पा म्हणाले, "वाया घालवू नकोस." धोतराचं काही म्हणाले नाहीत.

आणि गंमत अशी की नवाबसाहेब खडखडीत बरे झाले. घासणं बंद, चावणं बंद. दाबून झालं की ते अंगणभर पाखरासारखे भिरभिरायचे आणि येऊन माझे पाय चाटायचे. थोड्या आठवड्यांनी पुन्हा टच्च झालं की आपण होऊन माझ्यापाशी येत आणि पाठ फिरवून उभे राहत. इतका विश्वास माझ्यावर पुढं कुणीही टाकला नाही, सरकारनं नाही, मुलांनी नाही.

"बगितलंस?" अप्पा म्हणत. "गाय पान्हावती तसं हाय. निसर्गानं द्याया लावलंय."

थेंब थेंब साठवलेला माल चंदनाच्या तेलात घालून अप्पांनी बाटली फळीवर सगळ्यांत वर ठेवली. ती विकायची नव्हती. पहिलं बोट शुभकार्याला लावायचं होतं.

ते शुभकार्य माझं निघालं.

नीलव्वाला मी एकदाच पाहिलं होतं, आळंदकडच्या एका लग्नात. माझ्याखालचा पाट सरकला आणि मी ताटासकट आडवा झालो. सगळी पंगत "लागलं का?" म्हणत उठली, ही एकटी जागेवर बसून पोट धरून हसत होती. मी शेंगाचटणीत पडल्या पडल्या ठरवलं, लग्न करीन तर हिच्याशीच. घरच्यांना सांगायला धीर होईना, तो अव्वानं माझी मंदावलेली भूक बघून ओळखलं. बोलणी झाली. नीलव्वाचे वडील बसप्पा मऊ स्वभावाचे, ते राजी होते. फक्त मुलीच्या सोदरमामानं, म्हणजे आईच्या सख्ख्या भावानं, येऊन घर बघायचं राहिलं होतं. आमच्यात सोदरमामाचा शब्द शेवटचा. तो नाही म्हणाला की बापाला पुढं बोलता येत नाही.

हे शरणाप्पामामा करोडगिरीतून, म्हणजे मोगलाईच्या जकात खात्यातून, निवृत्त झालेले. कृष्णेच्या काठी एका नाक्यावर त्यांनी हयात घालवली होती. निवृत्त झाले तरी डोळे नाक्यावरच राहिले होते. "शरणार्थी" असा लिंगायती नमस्कार करून बसप्पांबरोबर आत आले आणि बसायच्या आधी त्यांनी जाजमाचा कोपरा उचलून खाली बघितलं.

तरी सगळं नीट चाललं होतं. घर स्वच्छ, देवघर लखलखीत, आत होळग्यांचा, म्हणजे पुरणपोळ्यांचा, घमघमाट. नवाबसाहेबांना मागच्या खोलीत कोंडलं होतं. मामांनी मला आडवेतिडवे प्रश्न विचारले आणि माझी उत्तरं त्यांना पटत होती. ते अव्वाला म्हणालेसुद्धा, "घर बरं दिसतंय." माझ्या काळजावरची धोंड खाली आली.

तेवढ्यात अप्पा म्हणाले, "आदी अत्तर."

आणि त्यांचा हात सगळ्यांत वरच्या फळीकडं गेला.

मी खाकरलो. अव्वा आतून खोकली. मी पुन्हा खाकरलो. अप्पा म्हणाले, "सर्दी झालीया पोराला," आणि तपकिरीची एक चिमूट ओढून त्यांनी बूच काढलं. आधी बसप्पांच्या उजव्या हातावर बोट फिरवलं. मग मामांच्या. मामा म्हणजे मानाचे, म्हणून कापसाचा बोळा भिजवून त्यांच्या कानातही घातला. मग मांडी घालून बसले आणि हसून म्हणाले, "वळखा."

मामांनी हात नाकाशी नेला. त्यांच्या मिशा थरथरल्या. परत नेला.

"ही मासळी हाय."

"चुकला तुमी," अप्पा प्रेमानं म्हणाले.

"कृष्णेच्या नाक्यावर टोपल्या उपसल्यात म्या. ही मासळीच हाय. आनि शिळी हाय."

बसप्पांनी आपला उजवा हात लांब धरला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता आणि त्यांना थोडा वेळ सांभाळायला दिला होता. "अहो," ते रडकुंडीला येऊन म्हणाले, "जेवायच्या आदी गळ्यातल्या लिंगाची पूजा करायची हाय. ह्या हातानं आता लिंगाला कसा शिवू?"

लिंगायताच्या घरात मासळी! मामा ताडकन उठले आणि नाक्यावरची झडती सुरू झाली. ते थेट स्वयंपाकघराकडं निघाले. अव्वा आडवी आली तर म्हणाले, "बाजूला व्हा बाई, ह्यो तपासाचा भाग हाय." पिठाचा डबा उघडला, चिमूटभर पीठ नाकाशी नेलं.

"पीठ मासळीचं!"

डाळ घेतली. "डाळ बी!"

गूळ, शेंगा, हळद, मीठ. मामा ज्याला हात लावतील त्याला मासळी येत होती. येणारच. हाताला मासळी, कानात मासळी. एवढा कसलेला माणूस, पण स्वतःच्या हाताची झडती घ्यायची त्यांना सुचली नाही. शेवटी माझ्याकडं वळले, माझी हनुवटी धरून हुंगलं आणि बाहेरच्या खोलीकडं तोंड करून जाहीर केलं, "पोरगा बी मासळी खातो. बसप्पा, उठा. सोयरीक मोडली."

बसप्पा उठले. अव्वानं पदर डोळ्यांना लावला. अप्पा एकटेच शांत होते. ते समजावत होते, "अहो मासळी न्हाय, जवादी हाय. जनावराच्या बुडातनं निघती." यानं पाहुण्यांचं समाधान होईल असं त्यांना का वाटलं, हे मला आजही कळलेलं नाही.

मला समोर फक्त पंगतीत पोट धरून हसणारी नीलव्वा दिसत होती, आणि ती एका पिठाच्या डब्यामुळं हातची चालली होती. मग मी लाज सोडली. "मामा, थांबा. वास कुत्र्याचा हाय. दावतो."

"कुत्र्याला कुटं असला वास असतोय? मला शिकवू नगं."

मी मागच्या खोलीचं दार उघडलं. नवाबसाहेबांची वेळ भरत आलेलीच होती. त्यांनी मला बघितलं, खुशीत धावत आले, सगळ्या पाहुण्यांच्या मधोमध थांबले, आणि सवयीनं पाठ फिरवून उभे राहिले. मी शेपूट धरली. मामा नीट बघायला वाकले. घाईत फडकं घ्यायचं राहून गेलं आणि बोटांचा दाब नेहमीपेक्षा जरा जास्त पडला.

माल सरळ मामांच्या छातीवर गेला. इस्त्रीच्या पांढऱ्या कोटावर, पहिल्या आणि दुसऱ्या गुंडीच्या मधोमध.

नवाबसाहेब मोकळे होऊन जाजमावरून भिरभिरत होते. मामांनी मान खाली घालून कोटाचा वास घेतला. मग हाताचा घेतला. मग पुन्हा कोटाचा. सगळ्यांच्या देखत एका माणसाची आयुष्यभराची विद्या पणाला लागली होती.

"हे..." मामा सावकाश म्हणाले, "हे कुत्रं मासळी खातंय का?"

"दूधभात," अव्वा डोळे पुसत म्हणाली. "वर साय."

आधी बसप्पांच्या पोटात हललं. मग खांदे हलले. मग ते खांब धरून हसायला लागले. उजवा हात तसाच लांब धरलेला, आणि डाव्या हातानं डोळे पुसतायत. नीलव्वा कुणाचं हसू घेऊन जन्माला आली ते मला त्या दिवशी कळलं. "मामा," त्यांना धड बोलता येईना, "मामा, त्या गुळाचं काय म्हनला हुता तुमी?"

मामा म्हणाले, "कोट धुवायचा हाय. पानी कुटं हाय?"

आडावर मग मोठा कार्यक्रम झाला. राख झाली, चिंच झाली, शिकेकाई झाली, ताक झालं. बसप्पांचा हात निघाला आणि त्यांची पूजा होऊन ते जेवायला बसले. मामांचा कोट मात्र निघाला नाही. होळगी वाढता वाढता अप्पांनी हळूच विचारलं, "मग काय ठरलं?"

मामांनी होळगीचा तुकडा मोडला. झडतीत पकडलेला माल स्वतःच्याच अंगावर निघाल्यावर नाकेदारानं बोलायचं तरी काय? बसप्पाच बोलले. "ठरायचं काय त्यात? जे पोरगं बापाच्या शब्दाखातर कुत्र्याची तशरीफ दाबतंय, ते बायकोचं बी ऐकंल. पोरगी दिली."

परतीच्या मोटारीत मामांना बसायला अख्खं बाकडं मिळालं. बाकीचे लोक मागं उभे होते.

अप्पांनी शेवटपर्यंत हार मानली नाही. "घाई झाली. आनखी मुराया पायजे हुती," एवढंच म्हणत. लग्न होऊन नीलव्वा घरात आली तशी तिनं पहिल्या आठवड्यात दोन कामं केली. एक, ती बाटली नेऊन उकिरड्यावर ओतली. (गावातली कुत्री पुढं महिनाभर तिथं जत्रा भरवून होती.) दोन, नवाबसाहेबांचा दूधभात बंद करून ज्वारीची भाकरी आणि शिजवलेला भोपळा सुरू केला. त्यांनी दोन दिवस उपास केला, तिनं बघितलंच नाही, तिसऱ्या दिवशी भाकरी गेली. तेव्हापासून पिशव्या आपल्या आपण मोकळ्या व्हायला लागल्या आणि माझी नोकरी सुटली. ती नवाबसाहेबांना "ए नवाब" म्हणायची, तेही पेठेला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

पण तिच्या माझ्या संसाराचा पहिला शब्द सांगायचा राहिलाच. लग्नात अक्षता पडल्या, स्वामींनी तिचा हात माझ्या हातात दिला. माझ्या अंगावर काटा उभा राहिला. तिनं मान वर केली नाही, फक्त ओठ हलले. मी कान पुढं केला. माझी बायको मला आयुष्यात पहिल्यांदा म्हणाली,

"हात धुतल्यात न्हवं?"

त्यानंतर नवाब गेला, निजामाचं राज्य गेलं, उमरग्याची पेठ ओळखू येईनाशी झाली. ती अजून रोज पानावर बसताना तेच विचारते. नातवंडांना वाटतं आजी फार स्वच्छतेची. परवा मी वैतागून म्हणालो, "अगं, कुत्रं जाऊन जमाना झाला. धुतल्यात हात."

"परत धुवा," ती म्हणाली.

मी उठून धुवून आलो. मामा घर बघायला आले त्या दिवशी आमच्या घरात अत्तर कुणालाच ओळखता आलं नव्हतं. जावई मात्र सासऱ्यांनी अचूक ओळखला होता.